ज्यांची तक्रार येत नाही



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावणे धाडले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की, मी माथाडी कायद्यावर किंवा कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावर बोलावे. त्या विषयांवर मला कोणी झोपेतून उठविले तरी मी दोन तास बोलेन. म्हणूनच मी चालकांना विनंती केली की, ह्या खेपेस मला दुसऱ्या एका कामाविषयी बोलू द्या. हे काम माझे नव्हते. ते मी शिकलेलो नव्हतो. ते माझ्यावर येऊन पडले, आणि करताना माझ्या हातून एक मोठी चूक झाली. ती चूकही आज आपल्यापुढे ठेवावयाची आहे.

काम कोणते ते आधी सांगतो. वयाने मोठी, कायद्याच्या दृष्टीने सज्ञान, परंतु म्हातारपणामुळे, आजारामुळे, मनाच्या किंवा बुद्धीच्या अधूपणामुळे स्वतःचे रक्षण करू न शकणारी जी माणसे असतात, त्यांचा घरात किंवा संस्थेत छळ होतो का, त्यांची आबाळ होते का, ह्याची चौकशी करणे. आमच्या युनियनच्या भाषेत चौकशी म्हटली की खातेनिहाय चौकशी आठवते. आरोपपत्र, साक्षी, उलटतपासणी, निकाल. येथे तसे काही नसते. आरोपपत्र लिहावयाचे ते तक्रारीवरून, आणि ह्या माणसांची तक्रारच येत नाही.

आपल्या नव्या मुंबईला हा धडा फार जवळून मिळालेला आहे. कळंबोलीच्या लोखंड बाजारात माथाडींच्या सभांसाठी माझ्या किती फेऱ्या झाल्या असतील ह्याची गणती नाही. त्याच कळंबोलीत बौद्धिक वाढ खुंटलेल्या अनाथ मुलींसाठी चालविलेली एक संस्था होती. मार्च २०११ मध्ये तेथील मुलींवर बलात्कार होत असल्याचे उघडकीस आले. एका मुलीचा मृत्यू झाल्याचेही पुढे आले. खटला मुंबईच्या सत्र न्यायालयात चालला, आणि मार्च २०१३ मध्ये सहा जण दोषी ठरले. संस्थेच्या संस्थापकाला फाशीची शिक्षा झाली होती. ती पुढे उच्च न्यायालयात टिकली नाही. हे सारे त्या वेळी वर्तमानपत्रांत आले, आपण वाचले, हळहळलो, आणि पान उलटले. मीही उलटले.

परंतु हे उघडकीस कसे आले, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. कोणी तक्रार केली म्हणून ते उघडकीस आले नाही. त्याच्या आदल्या वर्षी, २०१० मध्ये, शहापूर तालुक्यातील कवडास येथील अशाच एका वसतिगृहात कुपोषणाने मुले दगावल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या. त्या बातम्यांची मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली. कोणी याचिका घेऊन गेले नव्हते. न्यायालयाने समिती नेमली आणि राज्यातील अशा संस्था जाऊन पाहावयास सांगितले. समिती कळंबोलीला गेली, मुलींजवळ बसली, आणि मुली बोलल्या. शहापूरच्या मुलांच्या मरणाची बातमी कोणी छापली नसती, तर कळंबोलीचे दार किती वर्षे बंद राहिले असते कोण जाणे.

येथे कोणी म्हणेल की, त्या मुली होत्या, आणि आपण बोलतो आहोत प्रौढांविषयी. खरे आहे. तथापि लक्षात घ्या, १८ वर्षांच्या आतील मुलासाठी आज कायद्याचे कवच बरेच घट्ट आहे. २०१२ चा बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा असे सांगतो की, ज्याला असा गुन्हा कळला त्याने तो कळविलाच पाहिजे. न कळविणे हाच गुन्हा. पण अशी एखादी मुलगी एकोणिसाव्या वर्षात पाऊल टाकते, तेव्हा तिच्या समजुतीत काय फरक पडतो? आदल्या दिवशी जिला तक्रार लिहिता येत नव्हती, तिला दुसऱ्या दिवशी येऊ लागते काय? वयाचा दाखला बदलतो, दुबळेपणा तोच राहतो, आणि शेजाऱ्यावरची सक्ती मात्र संपते.

विलायतेतील एक उदाहरण त्याच वर्षीचे आहे. ब्रिस्टल शहराजवळ विंटरबोर्न व्ह्यू नावाचे खासगी रुग्णालय होते. बुद्धीने अधू असलेली प्रौढ माणसे तेथे ठेवीत. २०११ मध्ये बी.बी.सी.च्या एका वार्ताहराने तेथे नोकर म्हणून शिरून लपविलेल्या कॅमेऱ्याने चित्रण केले, आणि रुग्णांना कसे मारले-छळले जाते ते साऱ्या देशाने पाहिले. अकरा कर्मचारी दोषी ठरले. पण माझ्यासारख्याचे लक्ष वेधून घेणारी गोष्ट निराळी आहे. त्या रुग्णालयातील एका अनुभवी परिचारकाने आधीच वरिष्ठांना आणि तपासणी करणाऱ्या सरकारी यंत्रणेलाही कळविले होते. त्याचे कोणी ऐकले नाही. म्हणजे तेथे तक्रार होती आणि ऐकणारे नव्हते. कळंबोलीत ऐकणारे आले तेव्हा कुठे तक्रारीला तोंड फुटले. पुढे इंग्लंडने २०१४ मध्ये कायदाच केला की, स्वतःचे रक्षण करू न शकणाऱ्या प्रौढाची आबाळ होत असल्याचा वाजवी संशय आला, तर स्थानिक नगरपरिषदेने चौकशी केलीच पाहिजे. अर्ज यावा म्हणून वाट पाहावयाची नाही. आपल्याकडे महानगरपालिकेवर असे कर्तव्य कोणी टाकलेले नाही.

आता माझ्या अनुभवाकडे वळतो.

मी एकोणीस वर्षांचा असताना ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायनांच्या कारखान्यात कामाला होतो. कारखाने निरीक्षक येणार असे कळले की, आदल्या दिवशी आम्हांला नवे कोरे हातमोजे मिळत. संध्याकाळी ते मोजून परत घेतले जात. वर्षानुवर्षे शेरा पडे, ‘सुरक्षा साधने पुरविली आहेत.’ एका वर्षी एक नवा निरीक्षक आला. त्याने रजिस्टर उघडले नाही. त्याने मला हातमोजा काढावयास सांगितले आणि माझा तळहात उजेडाकडे धरला. तळहाताची कातडी सोललेली होती. त्याने विचारले, “मोजे केव्हा मिळाले?” मी मॅनेजरकडे पाहिले. तो म्हणाला, “राहू दे, सांगू नकोस,” आणि पुढे गेला. त्याला उत्तर मिळाले होते, आणि ते माझ्या तोंडून न काढण्याइतके शहाणपण त्याच्यापाशी होते. ही गोष्ट मी अनेक सभांतून सांगितली आहे. सांगता सांगता तिच्यातले शहाणपण मात्र विसरलो.

२०१८ सालची गोष्ट. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात तीस वर्षे पाठीवर गोणी वाहिलेले एक निवृत्त माथाडी घणसोलीला मुलाकडे राहत. मूळचे सातारा जिल्ह्यातले. आम्ही सारे त्यांना तात्या म्हणत असू. महिन्याच्या एक तारखेला ते कचेरीत येत, वर्तमानपत्र वाचीत, चहा घेत आणि जात. अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि त्यांचे येणे बंद झाले. पाच महिने आमच्यापैकी कोणी विचारले नाही. सभासदाची वर्गणी थकली तर आठव्या दिवशी माणूस पाठविणारी आमची संघटना. पण निवृत्त माणसाची वर्गणी नसते! शेवटी त्यांच्याच गल्लीतील एक बाई बाजारात भेटल्या आणि म्हणाल्या, “तुमचे तात्या रात्रीचे ओरडतात हो. बोलता येत नाही, नुसते ओरडतात.”

आम्ही तिघे गेलो. जाण्यापूर्वी फोन केला. हो, फोन केला! तात्या खुर्चीवर बसविलेले होते. अंगात सदरा, केसांना तेल. मुलाने चहा आणला. आम्ही विचारले, “कसं काय तात्या, बरं आहे ना?” त्यांनी मान हलविली. पुढचे सारे मुलाने सांगितले. औषधे चालू आहेत, बाई ठेवली आहे, मालिश चालू आहे. आम्ही समाधानाने उठलो, आणि मी डायरीत लिहिले, ‘प्रकृती बरी. घरचे सांभाळतात.’

रात्री मला झोप लागेना. सदऱ्यावर दुकानातल्या घडीच्या रेघा जशाच्या तशा होत्या. आणि उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. अर्धांगवायूत हात आखडतो हे मला माहीत होते. अशी मूठ रोज उघडावी लागते, धुवावी लागते, नखे कापावी लागतात, नाही तर नखे तळव्यात रुततात. ती मूठ मी पाहिली होती आणि उघडून पाहिली नव्हती. माझा तळहात ज्याने उजेडाकडे धरला होता, त्या निरीक्षकाची मला लाज वाटली.

तीन-चार दिवसांनी सकाळी अकराच्या सुमारास मी एकटाच गेलो, न कळविता. जिन्यात एक बाई दाराला बाहेरून कडी लावीत होती. ब्युरोमार्फत येणारी आजाऱ्याची बाई. आधी बारा तास असे, आता पैसे परवडत नाहीत म्हणून सकाळचे दोन तास. अकरा ते संध्याकाळी सात घरात तात्या एकटे, बाहेरून कडी. मी कोण ते सांगितल्यावर ती जिन्यातच भराभर बोलली. अंथरूण ओले होते म्हणून न्याहारीनंतर पाणी द्यावयाचे नाही असा हुकूम होता. डावा हात चालतो, त्या हाताने ते चादर ओढतात, म्हणून तो हात ओढणीने खाटेला बांधावयाचा. कमरेला जखम झाली आहे, तिला वास येतो. मी कडी काढून आत गेलो. मूठ उघडली. त्यापुढचे मी येथे सांगत नाही.

मग मी काय केले? त्याच संध्याकाळी मुलाला बाजाराच्या फाटकाशी गाठले आणि चार माणसांत त्याला वाटेल ते बोललो. तो म्हणाला, “कोण सांगतं हे तुम्हांला?” आणि मी, तीस वर्षे व्यवस्थापनाशी वाटाघाटी केलेला माणूस, म्हणालो, “तुझी बाईच सांगते!”

दुसऱ्या दिवशी बाईला काढून टाकले. ब्युरोने तिचे नाव यादीतून काढले, कारण घरातल्या गोष्टी बाहेर सांगणारी बाई कोणाला नको असते. नवी बाई ठेवली नाही. दाराला कडीऐवजी कुलूप लागले, आणि आमच्यासाठी ते दार सात आठवडे बंद राहिले. तात्यांना दोन तास मिळणारे पाणी, मूठभर अन्न आणि माणसाचा आवाज, एवढे तरी जे होते ते माझ्या रागाने काढून घेतले. कारखान्यात कामगाराने गुपचूप आणून दिलेला कागद मालकाच्या टेबलावर ठेवताना आपण त्याचे नाव फाडून ठेवतो. ही अक्कल मला त्या संध्याकाळी कोठे गेली होती?

ह्या सात आठवड्यांत मी कायदा वाचला. थोडक्यात सांगतो, कारण आपणांपैकी कोणालाही त्याची गरज पडू शकते. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा आहे. साठ वर्षांवरील माणसाला प्रांताधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. तो स्वतः असमर्थ असेल तर त्याने अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्था करू शकते, आणि न्यायाधिकरणाला आपण होऊनही दखल घेता येते. आपली गंमत अशी की, ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचे लोक ठाणे जिल्ह्यात मोडतात आणि खारघर, कळंबोली, पनवेलचे रायगडमध्ये. तेव्हा शहर एक वाटले तरी कचेऱ्या दोन. दुसरा कायदा दिव्यांगांच्या हक्कांचा, २०१६ चा. त्याच्या सातव्या कलमाप्रमाणे, दिव्यांग माणसाचा छळ होतो आहे असे मानावयास कारण असेल, तर कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवू शकतो. नातेवाईक असण्याची अट नाही, आजाऱ्याची सही लागत नाही. हे कलम फार मोलाचे आहे. पण मी अर्ज घेऊन एका कचेरीत गेलो, तेव्हा तेथील कारकुनाने तो दोनदा वाचला, पाठीमागे वळवून पाहिला आणि विचारले, “अर्जदाराची सही कुठे आहे?” त्याने असा अर्ज पूर्वी पाहिलेला नव्हता. मला त्याचा राग आला नाही. सात आठवड्यांपूर्वी ते कलम मलाही ठाऊक नव्हते.

एक उणीवही सांगून ठेवतो. २००७ च्या कायद्यात म्हाताऱ्या माणसाला कोठेतरी सोडून देण्याच्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे. स्टेशनावर सोडले, देवस्थानात सोडले, तर ते सरळ दिसते. घरातल्या घरात, खाटेवर, कडी लावून सोडून दिले तर? ते सिद्ध करावयास कोणीतरी आत जाऊन पाहिलेले असावे लागते. येऊन-जाऊन गाडी पुन्हा दारापाशीच अडते.

दार शेवटी उघडले ते पोलीस ठाण्यातील एका महिला हवालदारामुळे. त्यांच्या वागण्यावरून मी जे शिकलो ते कोणत्या पुस्तकात वाचले नव्हते. त्यांनी मुलावर आवाज चढविला नाही. सुनेला म्हणाल्या, “ताई, तुम्ही दमलेल्या दिसता,” आणि ती बाई रडू लागली. मग मुलाला तात्यांचे दवाखान्याचे कागद आणावयास पाठविले, ते कागद सुनेच्या माहेरी ठेवलेले होते. सून स्वयंपाकघरात गेली. असा अर्धा तास त्यांनी मिळविला, ज्यात तात्या आणि आम्ही एवढेच खोलीत होतो. छळाची चौकशी छळणाऱ्याच्या समोर होत नाही. इतकी साधी गोष्ट, पण आमच्या पहिल्या भेटीत मुलगा हातात कपबशी घेऊन समोरच बसला होता.

तात्यांना बोलता येत नव्हते. हवालदारबाईंनी त्यांचा डावा हात हातात घेतला आणि सांगितले, “हो असेल तर एकदा दाबा, नाही असेल तर दोनदा.” पहिला प्रश्न, तुम्ही कांदा-बटाटा बाजारात होता ना? एकदा. तुमचे गाव कोकणात का? दोनदा. मला वाटले, ह्या वेळ का घालवीत आहेत? नंतर त्यांनी समजावून सांगितले. ज्यांची उत्तरे आपल्याला ठाऊक आहेत असे प्रश्न आधी विचारावे, काहींचे उत्तर ‘हो’ आणि काहींचे ‘नाही’ यावे असे. म्हणजे माणसाला प्रश्न कळतो आहे की नुसता हात दाबतो आहे, ते समजते. नाही तर आपल्या मनातलीच गोष्ट आपण त्याच्या हातून वदवून घेतो. बुद्धीने किंवा वाचेने अधू माणसाची साक्ष कच्ची, असे आपण सहज म्हणून टाकतो. कायदा तसे म्हणत नाही. ज्याला प्रश्न समजतो आणि उत्तर देता येते, मग ते खुणेने का होईना, तो साक्षीदार होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात ‘असुरक्षित साक्षीदार’ ह्या शब्दाची व्याप्ती मुलांपलीकडे वाढविली. मनोरुग्ण, मूकबधिर आणि दिव्यांग साक्षीदारही तीत आणले, आणि त्यांना न घाबरता बोलता यावे अशा साक्षकेंद्रांसाठी आदेश दिले.

मग तो प्रश्न आला. हवालदारबाईंनी विचारले, “तात्या, तुम्हांला येथून दुसरीकडे नेऊ का? चांगली जागा आहे.” मी मनात सगळी तयारी करून गेलो होतो. एका आश्रमाशी बोलून ठेवले होते. गाडी खाली उभी होती.

तात्यांनी दोनदा हात दाबला.

त्यांनी पुन्हा विचारले. पुन्हा दोनदा. मी पुढे होऊन विचारले. तोच जबाब. दारात त्यांचा सहा वर्षांचा नातू उभा होता, आणि तात्यांचे डोळे त्याच्याकडे होते.

बंधूंनो, लहान मुलाच्या बाबतीत आपण त्याचे हित पाहतो आणि त्याला उचलून आणतो. मोठ्या माणसाचे तसे करता येत नाही. तो दुबळा आहे म्हणून त्याची इच्छा संपलेली नाही. दिव्यांगांच्या त्या सातव्या कलमातही संरक्षणाखाली ठेवण्याची गोष्ट आहे ती त्या व्यक्तीची तशी इच्छा असेल तर, अशीच आहे. मी गाडी परत पाठविली, पण खरे सांगतो, मनातून संतापलो होतो, आणि तो संताप तात्यांवरसुद्धा होता. आपण ज्याला वाचवावयास आलो तो वाचावयास तयार नाही, ह्याचा राग कार्यकर्त्याला फार लवकर येतो.

म्हणून मग त्या घराकडे नीट पाहावे लागले. मुलगा कंत्राटदाराची गाडी चालवी, चौदा-चौदा तास. सून एका पॅकिंगच्या कामावर होती. सासऱ्याच्या आजारपणात रजा झाल्या म्हणून तिची दोन कामे गेली होती. तात्यांच्या भविष्यनिर्वाह निधीचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे मुलाने आपल्या नावावर करून घेतले होते, त्यातले निम्मे दवाखान्यात आणि काही कर्जात गेले होते. त्याने केले ते क्षम्य नव्हते. तहानलेल्या माणसाला पाणी नाकारणे हे गरिबीने घडत नाही. तथापि त्याला राक्षस म्हटल्याने माझे काम सोपे होत होते, तात्यांचे नव्हे. प्रकरण न्यायाधिकरणाने समेट अधिकाऱ्याकडे पाठविले. ठरले ते असे: उरलेले पैसे तात्यांच्या नावे ठेव म्हणून ठेवावयाचे, त्याचे व्याज आणि वर मुलाने घालावयाची रक्कम मिळून दिवसाची बाई ठेवावयाची, दाराला बाहेरून कडी लावावयाची नाही, एक किल्ली शेजारी, आणि आठवड्यातून दोनदा आमच्या टोळीतला कोणीतरी वेळ न कळविता जाणार. कमरेची जखम भरावयास चार महिने लागले. तात्या त्यानंतर पावणेदोन वर्षे जगले आणि घरीच वारले. नातू त्यांना पेपरातली चित्रे दाखवीत असे. हे यश म्हणावे की काय, मला अजून ठरविता आलेले नाही.

येथे घराच्या मालकीचा एक शब्द. पुष्कळ ज्येष्ठ मंडळी आज समोर बसली आहेत. मुलाच्या नावे बक्षीसपत्र करावयाचे असेल तर जरूर करा, पण ‘सांभाळ करावा’ ही अट त्या कागदात लिहून घ्या. २००७ च्या कायद्याच्या तेविसाव्या कलमाखाली असे बक्षीसपत्र रद्द होऊ शकते, परंतु अट होती की नव्हती ह्यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेलेले आहेत. २०२२ च्या एका निकालात न्यायालयाने त्या अटीवर बोट ठेवले. जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या निकालात कायद्याकडे अधिक उदार दृष्टीने पाहिले. ह्या दोन निकालांच्या मध्ये आपण उभे राहू नये. एक ओळ लिहिण्यास संकोच कसला?

राहिली ती बाई. तिला शोधावयास मला तीन महिने लागले. रबाळ्याला एका खानावळीत भांडी घासत होती. मी क्षमा मागितली. ती म्हणाली, “दादा, तुम्ही बोललात ते बरंच केलंत. पण माझं नाव कशाला घेतलंत?” ह्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

कामगार चळवळीतला माणूस म्हणून मला जे वेगळे दिसते ते हेच. बंद खोलीतल्या छळाला बहुधा एकच साक्षीदार असतो, तो म्हणजे पगारी माणूस. आया, वॉर्डबॉय, ब्युरोची बाई. जखम तिला दिसते, पाणी कोण नाकारते ते तिला ठाऊक असते. आणि ह्या साऱ्या प्रकरणात तिच्याइतके उघड्यावर दुसरे कोणी नसते. माथाडींसाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये कायदा केला, खासगी रखवालदारांसाठी १९८१ मध्ये. दोघांना मंडळे मिळाली. घरकामगारांसाठी २००८ चा कायदा आहे, पण तो कल्याणकारी मंडळाचा. कामावरून एका दिवसात काढले तर दाद मागण्याची सोय त्यात नाही. गोणी वाहणाऱ्याला जे संरक्षण आहे ते माणूस उचलून कूस बदलणाऱ्या बाईला नाही. तिने खरे सांगावे अशी आपली अपेक्षा असेल, तर खरे सांगितल्यावर तिची चूल पेटेल ह्याची व्यवस्था आधी झाली पाहिजे. कोणी ह्याला युनियनवाल्याचे पालुपद म्हणेल. म्हणू दे. विंटरबोर्नच्या त्या परिचारकालाही आधीच कोणी ऐकले असते, तर कॅमेरा लपवून नेण्याची पाळी आली नसती.

आम्ही आमच्यापुरते काही बदल केले, ते सांगून थांबतो. आता डायरीत माहिती देणाऱ्याचे नाव आम्ही लिहीत नाही, आणि चौकशीत ती माहिती वापरण्यापूर्वी ती दुसऱ्या मार्गाने स्वतः पाहून घेतो. निवृत्त सभासदांची एक वही ठेवली आहे. एक तारखेला जो आला नाही त्याच्या नावापुढे फुली, आणि दोन फुल्या झाल्या की माणूस जातो. आपल्या महानगरपालिकेच्या विरंगुळा केंद्रांतूनही अशी वही ठेवता येईल. तेथे येणारी मंडळी एकमेकांना चांगली ओळखतात, आणि कोणाचे येणे थांबले ते त्यांना आमच्यापेक्षा आधी कळते. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा दूरध्वनी क्रमांक आहे. तो शेजाऱ्यालाही फिरविता येतो.

ह्या महिन्यात आमच्या वहीत दोन फुल्या पडलेली अकरा नावे आहेत. पाच घरी जाऊन आलो. उरलेल्या सहांपैकी तिघे कोपरखैरण्याला राहतात, एक तुर्भे स्टोअरला, दोघे कळंबोलीला. उद्या सकाळी साडेदहाला आम्ही दोघे कोपरखैरण्याला निघणार आहोत. फोन केलेला नाही.